ताणावरची डाळिंबं

सोलापूरच्या उन्हाळ्याचं कौतुक करणारी माणसं मला पुण्यामुंबईतच भेटली. आम्ही तिथं राहत होतो तेव्हा कौतुकाला तोंड उघडलं तरी धूळ आत जायची. चैत्र लागला की सकाळच्या भोंग्यालाच ऊन डोळ्यांत खुपायला लागे. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नसे. संध्याकाळी गिरणी सुटली की माणसांच्या लोंढ्यानं उठवलेली धूळ घराघरांत शिरून भाकरीच्या टोपलीवर बसे, आणि रात्रीच्या जेवणात ती कचकच चावत मी गावाच्या नावानं बोटं मोडत असे.

माझा स्वभाव मुळातच तापट. ह्यांचं म्हणणं असं की गावाचं आणि माझं पटतं, कारण दोघं एकाच भट्टीतली. हे स्वतः गिरणीच्या कचेरीत हजेरीचे कारकून. दिवसभर तिथल्या उकाड्यात माणसांची हजेरी मांडायची आणि घरी येऊन माझं ऐकायचं, ही दोन्ही कामं ते सारख्याच शांतपणे करत. मी फारच पेटले की हे पानाचा डबा ओढून चुना लावत बसत. तो चुना लावणं संपेपर्यंत माझं बोलणं संपलेलं असे.

एकोणीसशे तीस साल अजून उजाडायचं होतं. आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, भाड्याचं. पण मागं परसदार चांगलं ऐसपैस होतं, आणि त्याच लोभानं मी ते घर धरलं होतं. मोरीच्या पाण्यावर अळू, दाराशी मोगऱ्याची दोन आळी, मांडवावर पावसाळ्यात दोडका नाहीतर पडवळ, आणि मागच्या भिंतीकडेला पाच डाळिंबं. ही डाळिंबं मी लावलेली. माझं माहेर बार्शीच्या पलीकडचं. तिथं माझ्या भावाचा डाळिंबाचा मळा होता. त्यातली कलमं ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी मोटारीतून आणली होती आणि सगळ्या रस्ताभर ड्रायव्हरशी भांडले होते, का तर तो खड्डे चुकवत नव्हता. त्या घरातल्या भिंती मालकाच्या, विहिरीचं पाणी सगळ्यांचं, नवऱ्याचा दिवस गिरणीचा. माझं म्हणावं असं त्या गावात एवढंच होतं. झाडं सहा वर्षांची झाली होती आणि धड फळ अजून एकानंही दिलं नव्हतं.

त्या वर्षी पाडव्याला घरमालक आले. सुताचे व्यापारी, गळ्यात माळ, बोलणं मऊ. ओसरीवर बसून सरबत घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, गिरणीत माणसं वाढलीत आणि राहायला जागा नाही. मागं ही एवढी जमीन नुसती पडलीय. दिवाळीनंतर तिथं चार खोल्या काढीन म्हणतो."

"आणि माझी डाळिंबं?" मी विचारलं.

त्यांनी सरबताचा पेला खाली ठेवला. "फळतं झाड मी तोडत नाही. आमच्या घरात ते कुणी करत नाही. पण ही फळतात कुठं?" माझ्याकडं बघून त्यांनी हात जोडले. "दिवाळीला फळ दिसलं तर तेवढी बाजू सोडून बांधतो. नाही दिसलं तर मला बोल लावू नका."

त्यांचं काही चुकत नव्हतं, हाच मोठा त्रास होता. झाडं पौष-माघात फुलत, बारकी फळं धरत, आणि मग ऐन वाढीच्या वेळी चैत्र-वैशाख येई. विहीर तळाला जाई. नळाला पाणी येई ते रांगेतल्या भांडणांपुरतं. लिंबाएवढी झालेली फळं तडकून काळी पडत आणि मी ती रोज सकाळी वेचून टाकत असे. दर वर्षी हेच. मालक गेल्यावर मी परसात जाऊन उभी राहिले आणि ठरवलं की यंदा मृग बहार धरायचा.

ज्यांनी डाळिंबं लावली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. डाळिंबाला बारा महिने पाणी दिलं तर ते वाटेल तेव्हा थोडं थोडं फुलत राहतं आणि कशालाच धड येत नाही. म्हणून मळेवाले त्याला ताण देतात. उन्हाळ्यात पाणी तोडायचं. असतील ती फुलंफळं खुडून टाकायची. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळं उन्हाला उघडी करायची. पानं पिवळी पडतात, गळतात, झाडाच्या नुसत्या काड्या राहतात. मग मृगाच्या तोंडावर मुळांवर शेणखत घालून माती ओढायची आणि पाणी सोडायचं. तोवर आतल्या आत दम धरून राहिलेलं झाड एकदम फुटतं, अंगभर फुलतं, आणि दिवाळीला फळ हातात येतं. भावाच्या मळ्यात हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं होतं. हातानं कधी केलं नव्हतं. तिथली जमीन काळी आणि इथं परसात हातभर मातीखाली मुरूम. ताण कमी पडला तर बहार येत नाही आणि जास्त झाला तर झाड खरंच मरतं. ती रेघ नेमकी कुठं असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि हे मी ह्यांनासुद्धा कबूल केलं नाही.

पाडव्यापासून मी पाणी तोडलं. आलेली फुलं खुडली, आळी उकरली. आणि मग माझा जो काही जीव खालीवर व्हायला लागला, तो मृगापर्यंत थांबायचा नव्हता. घरात दहा मिनिटं बसवेना. भाकरी तव्यावर टाकून मी परसात जाई, काडीला नख लावून बघे, आत हिरवं दिसलं की परत येई, तोवर भाकरी करपलेली. ह्यांनी करपलेली भाकरी महिनाभर खाल्ली आणि एकदाच म्हणाले, "अगं, झाडांना ताण दिलास तो दिलास, मला कशाला?"

मला त्याचं हसू आलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच हसू येत नव्हतं.

बैठ्या भिंतीपलीकडं अक्का राहत. विणकरांचं घर. दोन माग, नवरा, दोन कर्ते मुलगे, सुना. घरात तेलुगू चाले, माझ्याशी मराठी, आणि दारावर भाजीवाली आली की तिसरीच भाषा. अक्का माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या असतील. कपाळावर मोठं कुंकू, कामानं काटक झालेलं शरीर, आणि आवाज असा की माग चालू असतानाही ऐकू यावा. मी त्या गावात आले तेव्हा पहिली चूल त्यांच्या विस्तवावर पेटवली होती.

आमचा रोजचा व्यवहार आभाळाचा. त्यांच्याकडं सुताला खळ लावली की ते सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून वाळवायला ठेवत. वाळायच्या आत वळवाचा थेंब पडला, नाहीतर वावटळीनं माती आणून टाकली, की घरादाराची मेहनत वाया. माझे वडील शेतकरी. वारं कुठून उठतं, घारी किती उंच फिरतात, मुंग्या अंडी घेऊन कुठं निघाल्यात, हे बघायची सवय मला त्यांच्यापासून लागलेली. त्यामुळं रोज सकाळी भिंतीवरून अक्कांचं डोकं वर येई. "बाई, आज कसं हाय?" मी आभाळ बघून सांगे, टाका किंवा नका टाकू. मग त्या आत वळून मुलांना तेलुगूत हुकूम देत. हे गमतीनं म्हणायचे की तुझ्या स्वयंपाकावर माझा नाही एवढा त्यांचा तुझ्या आभाळावर विश्वास आहे. ते खरंच होतं. अक्कांना मी आभाळाबद्दल कधी अंदाजपंचे सांगितलं नाही. कळत नसेल तर कळत नाही म्हणून सांगितलं.

गल्लीतल्या बायकाही बागेचं विचारायला येत. भोपळ्याचं बी कधी टोकायचं, राखेत ठेवलेली कारल्याची बी किडली तर काय, मोगरा का फुलत नाही. एरवी मी हौसेनं सांगत बसायची. त्या वर्षी एकीला म्हटलं, रोहिणीत टोक आणि मला परत विचारू नकोस. ती आठवडाभर माझ्या दारावरून गेली नाही.

डाळिंबांची पानं गळायला लागली तशा अक्का भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. "बाई, झाडं मरायलीत की."

"मरत नाहीत. मुद्दाम ठेवलीत तशी." आणि मी त्यांना सगळं सांगितलं, मृग, बहार, दिवाळी, मालकांचा शब्द. त्यांनी नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत म्हणाल्या, "लई वाळली गं." मी परत सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. कोपऱ्यातल्या, त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या पाचव्या झाडाकडं नुसत्या बघत राहिल्या आणि पदरानं तोंड पुसून आत गेल्या. मला वाटलं, पटलं असेल.

वैशाख लागला आणि दुपारचं आभाळ भरून यायला लागलं. ह्याच्याइतका चिडवणारा प्रकार दुसरा नाही. चारच्या सुमाराला पश्चिमेला काळं होई, वारा थांबे, अंगाला चोळी चिकटे, लांब कुठंतरी गडगडे. सगळी गल्ली दारात येऊन वर बघत राही. मी एकटी हात जोडून म्हणत असे की इथं पडू नकोस. कारण वळीव जोरात पडला तर ताण मोडणार, झाडं अवेळी फुटणार, आणि पुढं उन्हात सगळं गळून जाणार. आभाळ अर्धा तास तसं तंगवून ठेवी आणि मग धूळ उडवून अक्कलकोटच्या बाजूला निघून जाई. सुटले म्हणून मी खाली बसत असे आणि दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा उभी.

अशाच एका सकाळी मला पाचव्या झाडावर पालवी दिसली.

आधी खरं वाटेना. चार झाडं काड्या आणि हे एक तांबूस कोवळ्या पानांनी भरलेलं. मी खाली वाकले. आळ्यातली माती ओली होती आणि तिच्यावर पांढरट साय धरली होती. खळीची. भिंतीच्या त्या जागी दोन दगड ढिले होते. त्यातून खळीचं उरलेलं पाणी रोज माझ्या झाडाला मिळत होतं.

मी तशीच भिंतीशी गेले. अक्का चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या.

"अक्का, माझ्या झाडाला पाणी कोण घालतं?"

"मी." त्यांनी चरखा थांबवलासुद्धा नाही. "तहान लागली हुती त्याला."

"मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं, मुद्दाम ठेवलंय म्हणून. तुम्हाला कळलं नव्हतं का?"

"कळलं की. पटलं न्हाय." मग त्यांनी वर बघितलं. "उपाशी ठेवून फळ मागायचं, ही कुटली रीत? माझ्या भिंतीला लागून हाय ते. समोर ते असं उभं असल्यावर मला घोटभर पानी जाईना घशाखाली. बाकीची तितं लांब हायत, हात पोचत न्हाय. न्हायतर त्यांना बी घातलं असतं."

"उद्या मी तुमच्या सुतावर घागर ओतली तर चालेल?"

चरखा थांबला. असं बोलायला नको होतं हे मला कळलं, पण माझी जीभ अशा वेळी माझी नसते. अक्कांनी हातातली कांडी खाली ठेवली. उठून आत गेल्या. भिंतीतले दोन दगड मी चिखल लावून पक्के केले, आणि त्या दिवसापासून आमचा अबोला.

अबोल्यानं उन्हाळा आणखी लांबला. सकाळी भिंतीवर डोकं येईना. अक्का स्वतःच आभाळ बघत आणि सूत टाकत. एके दिवशी सकाळीच घारी खाली उतरल्या, वारं वेडंवाकडं फिरायला लागलं आणि पलीकडं गल्लीभर ओलं सूत ताणलेलं. मी दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत आले. मग परसात उभं राहून मोठ्यांदा ह्यांना म्हटलं, "अहो, आज दुपारच्या आत वावटळ उठणार, बरं का!" हे कचेरीत जाऊन दोन तास झाले होते. पलीकडून अक्कांचा तेलुगूतला हुकूम ऐकू आला. सूत गोळा झालं. वावटळ आली तेव्हा गल्ली रिकामी होती. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही, पण त्या दिवशी भाकरी करपली नाही.

पाचव्या झाडाला कळ्या आल्या. लालबुंद, मेणाच्या केल्यासारख्या. ह्या उन्हात त्यातली एकही टिकणार नाही हे मला दिसत होतं. खुडाव्यात म्हणून मी दोनदा हात लावला आणि दोन्ही वेळा मागं घेतला. तेवढा एकच रंग होता परसात. बाकीची चार मी रोज नखानं बघत होते. काड्यांची टोकं वाळली होती, पण बुंध्यात हिरवं होतं. मृगाला थोडेच दिवस राहिले होते. शेणखत आणून ठेवलं होतं. मला पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं की जमलं.

आणि मालक आले. बरोबर गवंडी.

"वहिनी, गवंड्याचं दुसरीकडचं काम मोडलं. मोकळाच आहे, तर पावसाआधी जोतं घालून घेऊ म्हटलं." असं म्हणत ते परसात गेले आणि थांबले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "अरेरे. गेली की हो झाडं."

"गेली नाहीत. ताण दिलाय मी. मृगाला पाणी सोडलं की फुटतील. तुम्ही दिवाळीचा शब्द दिला होता."

"फळाचा दिला होता. जित्या झाडाचा." ते हळूच म्हणाले. मग त्यांची नजर भिंतीकडच्या झाडावर गेली. "आणि हे? हे कसं फुललं? माती तीच, ऊन तेच."

"त्याला शेजारणीनं पाणी घातलं."

"तेच म्हणतो मी, वहिनी. ज्याला पाणी मिळालं ते जगलं. बाकीची पाण्यावाचून गेली."

मी धावत जाऊन एका झाडाची साल नखानं काढून दाखवली. "हे बघा, हिरवं आहे." त्यांनी वाकून बघितलं, गवंड्यानंही बघितलं. "नखाएवढ्या हिरव्याचं काय घेऊन बसलात," मालक म्हणाले, तेही मायेनंच. पाच झाडांच्या पाच काड्या असत्या तर त्यांनी माझं ऐकलं असतं असं मला आजही वाटतं. थोडा तरी विचार केला असता. पण समोर एक फुललेलं झाड उभं होतं आणि त्याच्याशेजारी माझी चार कुणालाही मेलेलीच दिसली असती. त्यांनी त्या फुललेल्या झाडाला हात जोडले आणि गवंड्याला सांगितलं, "ह्याला धक्का लावायचा नाही. जोतं इथून आत घे."

संध्याकाळी मी ह्यांना मालकांकडं पाठवलं. हे जाऊन आले. मालकांनी बसवून घेतलं, दूध दिलं आणि पुन्हा तेच सांगितलं. हे पानाचा डबा न उघडता बसले होते, तेव्हाच मी समजले.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडीवाला आला. हे कचेरीत. मी झाडांपुढं उभी राहिले, तर तो बिचारा कुऱ्हाड खाली ठेवून उकिडवा बसला. "बाई, मी काय करू? मला सांगितलंय." किती वेळ उभी राहणार? ऊन चढत होतं. शेवटी मी बाजूला झाले आणि दारात बसून सगळं बघितलं. मला तोंड फिरवायचं नव्हतं. चारही बुंधे आतून ओले, पिवळसर हिरवे. कुऱ्हाडीवाल्यानं पहिल्या घावानंतर माझ्याकडं बघितलं आणि परत बघितलं नाही. त्यानं लाकडं भिंतीशी रचली. मालकांनी लाकूड मलाच घ्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, मला नको.

संध्याकाळी, इतक्या दिवसांनी, भिंतीवर अक्कांचं डोकं आलं. डोळे ओले होते. अबोला त्यांनीच मोडला.

"एक तरी ऱ्हायलं की बाई."

मी परसात उडालेल्या ढलप्या वेचत राहिले.

"मला सगळ्यांना घालू दिलं असतंस तर पाची ऱ्हायली असती गं. जाऊ दे. वाईट वाटून घेऊ नगंस."

हे मागून आले आणि म्हणाले, "अगं, जरा चहा टाक." मी आत गेले आणि भांडी आपटली. बाहेर अक्का ह्यांना विचारत होत्या, ती लाकडं पडलीत ती खळ शिजवायला नेऊ का. मी आतूनच ओरडले, "न्या, सगळी न्या."

त्यांनी नेली. आणि चहा उकळताना माझ्या मनात आलं की आता हिला कळेल. वाळलेलं लाकूड कसं जळतं आणि ओलं कसं, हे त्या घरातल्या बाईला कुणी शिकवायला नको होतं. आयुष्यभर खळीच्या चुलीपुढं बसलेली ती. मी तिला काही सांगायची गरजच नव्हती. चूलच सांगणार होती. सांगते मनातलं खरं, मला त्याचं समाधान वाटलं. दुपारपासून गल्लीभर ती सांगत होती की बाईनं झाडं वाळवून मारली. आता कळेल.

सकाळी पलीकडून धूर यायला लागला. दाट, पांढरा, डोळ्यांत झोंबणारा. मी पायरीवर येऊन बसले. वाट बघत होते. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं.

अक्का भिंतीशी आल्या नाहीत. गल्लीला वळसा घालून आमच्या पुढच्या दारानं आल्या, घरातून चालत थेट परसात आल्या. हातात अर्धवट काळं झालेलं एक लाकूड होतं. त्याच्या कापलेल्या तोंडातून अजून फेस येत होता आणि बारीक चरचर आवाज होत होता.

"बाई, हे जळंना," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं बघितलं. धुरानं डोळे लाल झाले होते. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. जमिनीलगतच्या चार खुंटांकडं बघत होत्या, एकेक करून. मग त्यांनी पाचव्या झाडाकडं बघितलं. कालच्या वाऱ्यानं त्याची निम्मी फुलं खाली पडली होती.

"पानी सोडतंय गं हे," त्या म्हणाल्या. "सगळीच सोडत्यात. एक बी वाळलेलं न्हाय त्यात." आणि त्यांचे ओठ पुढं काहीतरी विचारायला हलले, पण आवाज आला नाही. कुंकवाखाली त्यांचा चेहरा एकदम म्हाताऱ्या बाईचा झाला. इतकी वर्षं तो आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला होता. तो बंद पडलेला मी पहिल्यांदा बघितला.

जे कळावं म्हणून मी रात्र काढली होती ते आता त्यांच्या तोंडावर आलं होतं, आणि मला ते बघवेना.

"रात्री दव पडलं असेल, अक्का," मी म्हटलं. "लाकडं उघड्यावर होती. भिजली असतील."

अक्कांनी वर आभाळाकडं बघितलं. कोरडं, पांढरं, सकाळीच तापलेलं. मग पायाखालच्या मातीकडं बघितलं. ती पिठासारखी उडत होती. वैशाखात, सोलापुरात, दव. आणि जिच्या एका शब्दावर त्या घरादाराचं सूत उघड्यावर टाकायच्या, तिनं ते सांगितलं होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पडलं असंल."

मी उठले. चुलीजवळून वाळलेल्या तुराट्यांची मोळी आणली आणि ते लाकूड घ्यायला हात पुढं केला. अक्का ते सोडेनात. मी जोर केला नाही. आम्ही दोघी ते दोन्ही टोकांनी धरून तशाच उभ्या राहिलो, त्याचा फेस थांबेपर्यंत.